फ्लिंटचे पाणी मोजले कोणी?

२५ एप्रिल २०१४. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात महापौर डेन वॉलिंग एक बटण दाबतात आणि डेट्रॉइटहून येणारे पाणी बंद होते. जमलेली अधिकारी मंडळी फ्लिंट नदीच्या पाण्याचे पेले उंचावून शहराचे अभीष्ट चिंततात. १९६७ पासून या शहराला ह्युरॉन सरोवराचे पाणी डेट्रॉइटकडून विकत मिळत होते. नवी जलवाहिनी तयार होईपर्यंत नदीवर भागवायचे आणि दोनेक वर्षांत सुमारे पन्नास लाख डॉलर वाचवायचे, असा हिशेब होता.

बटण महापौरांचे असले तरी कारभार त्यांचा नव्हता. डिसेंबर २०११ पासून फ्लिंट राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या ताब्यात होते. महापालिकेवर प्रशासक बसला की काय होते हे ज्यांनी आपल्याकडे पाहिले आहे, त्यांना हे पद समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की इथे नगरसेवक आपल्या खुर्च्यांवर होते, पण त्यांच्या ठरावाला किंमत नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी असे व्यवस्थापक नेमण्याचा कायदा मतपेटीतून फेटाळला होता. डिसेंबरमध्येच विधिमंडळाने जवळपास तसाच दुसरा कायदा केला आणि त्यात खर्चाची एक तरतूद घातली, कारण तशी तरतूद असलेल्या कायद्यावर तिथे सार्वमत मागता येत नाही.

आता घरापर्यंत पाणी आणणारी शिशाची जुनी नळी उभी चिरली आहे असे समजा. आतून जो पांढुरका, तांबूस थर दिसतो, तोच शिशाला पाण्यापासून दूर ठेवतो. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट मिसळलेले असे आणि त्यामुळे हा थर टिकून राही. नदीचे पाणी मुळात अधिक गंज आणणारे, आणि त्यात हे रसायन घातलेच गेले नाही. थर विरघळू लागला, सुटू लागला, आणि जुन्या घरांच्या जोडण्यांमधले शिसे स्वयंपाकघरात उतरले.

लोकांनी ते पाणी दुधाच्या कॅनमधून आणि बाटल्यांमधून सभागृहात आणून अधिकाऱ्यांपुढे धरले. कुठे ते तपकिरी होते, कुठे पिवळे. १९३६-३७ च्या हिवाळ्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यांत चव्वेचाळीस दिवस ठिय्या देऊन कामगार संघटनेला मान्यता मिळवणारे हे शहर. मोर्चे आणि फलक इथे घराघराला ठाऊक आहेत. त्याच जनरल मोटर्सने ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या इंजिन कारखान्यासाठी नदीचे पाणी घेणे थांबवले, कारण सुटे भाग गंजत होते. कारखान्याला पुन्हा सरोवराचे पाणी मिळाले. मार्च २०१५ मध्ये नगरसेवकांनी सात विरुद्ध एक मतांनी डेट्रॉइटकडे परतण्याचा ठराव केला. व्यवस्थापकाने तो मानला नाही.

ली-ॲन वॉल्टर्स या गृहिणीच्या घरी नगरपालिकेनेच नमुना घेतला, तेव्हा शिशाचे प्रमाण अब्जात १०४ भाग निघाले. कारवाईची मर्यादा, म्हणजे जी ओलांडली की पाणी पुरवणाऱ्याने पावले उचलायची, ती तेव्हा १५ होती. पुढच्या वेळी ते ३९७ भरले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे अभियंते मार्क एडवर्ड्स यांनी त्याच घरातले जे नमुने तपासले, त्यांपैकी एकात १३,२०० आढळले. ५,००० च्या वर गेले की द्रव घातक कचऱ्यात मोडतो. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेतील मिगेल डेल टोराल यांनी हे सारे जून २०१५ मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडले. टिपणाची प्रत कर्ट गुयेट यांच्या हाती आली आणि जुलैमध्ये त्यांनी ती जगापुढे आणली. गुयेट हे मुरलेले शोधपत्रकार, पण त्यांचा पगार त्या वेळी कोणतेही वृत्तपत्र देत नव्हते. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या मिशिगन शाखेने त्यांना खास या व्यवस्थापक-राजवटीची बातमीदारी करण्यासाठी नेमले होते. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या प्रवक्त्याने रेडिओवर सांगितले की शिशाची चिंता वाटणाऱ्या फ्लिंटकरांनी निश्चिंत व्हावे.

ही निश्चिंती आली कुठून, हे समजण्यासाठी नमुना घेण्याची रीत जवळून पाहावी लागते. रहिवाशांना दिलेल्या सूचनापत्रात एक ओळ होती: आदल्या रात्री थंड पाण्याचा नळ पाच मिनिटे सोडून ठेवा. सोडलेल्या नळातून नळीत साठलेले शिसे मोरीत वाहून जाते, आणि सकाळी बाटलीत येते ते बरेचसे धुतलेले पाणी. शिशाची जोडणी असलेली घरे निवडणे बंधनकारक होते. कोणती घरे तशी आहेत याची नोंद कार्यालयातल्या हजारो जुन्या कार्डांवर पडून होती आणि ती कोणी चाळली नव्हती. एवढे होऊनही शहराचा आकडा (सर्वाधिक शिशाचे दहा टक्के नमुने ज्याच्या वर असतात तो) मर्यादा ओलांडत होता. मग एकाहत्तर नमुन्यांतले दोन वगळण्यात आले. वॉल्टर्स यांचा नमुना त्यांत होता. घरात फिल्टर बसवला आहे, हे कारण. आकडा मर्यादेखाली आला. ही कागदपत्रे गुयेट यांनी माहिती अधिकाराखाली एकेक करून मिळवली.

ऑगस्ट २०१५ मध्ये एडवर्ड्स यांच्या चमूने फ्लिंटला तीनशे संच पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या: किमान सहा तास नळ न उघडता सकाळी पहिल्या धारेचे पाणी पहिलीत, पंचेचाळीस सेकंदांनी दुसरीत, दोन मिनिटांनी तिसरीत. वॉल्टर्स, स्थानिक कार्यकर्ते आणि स्वतः गुयेट हे संच घेऊन दारोदार फिरले, रीत समजावून सांगितली आणि भरलेल्या बाटल्या गोळा केल्या. बातमीदाराने बाटल्या वाटाव्यात का, असा प्रश्न पत्रकारितेच्या वर्गात जरूर विचारावा. फ्लिंटमध्ये तो कोणाला पडला नाही. अडीचशेहून अधिक संच परत आले. सरकारी मोजणीत जो आकडा मर्यादेत बसवला होता, तो या मोजणीत २५ च्या पुढे गेला.

२४ सप्टेंबरला बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी पत्रकार परिषदेत मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे ठेवले: पाच वर्षांखालील मुलांमध्ये रक्तात शिसे जास्त असण्याचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ४ वर गेले होते. राज्याने आधी ते आकडे नाकारले, मग मान्य केले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले.

त्या काळात पसरलेल्या लिजिओनेअर्स या पाण्यातल्या जंतूंमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने किमान बारा जणांचा बळी घेतला. भरपाईचा समझोता सुमारे ६२.६ कोटी डॉलरचा झाला. माजी गव्हर्नर रिक स्नायडर यांच्यासह अधिकाऱ्यांवर खटले भरले गेले, पण दोषारोप ठेवण्याची पद्धतच मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवली आणि ते खटले २०२३ पर्यंत संपले. धर्मगुरूंच्या एका गटाने व रहिवाशांनी लढलेल्या दाव्यातून शिशाच्या जोडण्या बदलण्याचा आदेश मिळाला. सुमारे अकरा हजार जोडण्या बदलून ते काम २०२५ मध्ये पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले.

अशा एका घरापुढचा खड्डा डोळ्यांपुढे आणा. डावीकडे नवी तांब्याची नळी, आणि बाजूच्या मातीवर काढून ठेवलेला जुना तुकडा.