मामांच्या डब्यातली कीर्तनं

[दृश्य: लोखंडी कपाट उघडतं. कॅसेटच्या ओळी. पाठीवर बॉलपेनने लिहिलेली गावं आणि तिथ्या.]

या कपाटात सहाशेच्या आसपास कॅसेट आहेत. बहुतेक कीर्तनं पुण्याच्या पेठांमधल्या देवळांतली, मामांनी स्वतः पुढच्या रांगेत बसून रेकॉर्ड केलेली. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागते. पूर्वरंग संपून बुवांना हार घालून बुक्का लावेपर्यंत ती उलटून व्हायची. ‘बुवाही माझ्याकडे बघून घड्याळ सांभाळायचे,’ असं मामा सांगतात. असेलही.

[दृश्य: टेबलाखाली काळा डबा. चारांपैकी दोन दिवे हिरवे, एक लाल, एक विझलेला.]

कॅसेटवरून संगणकावर घेतलेलं सगळं या सर्व्हरवर आहे. मामा त्याला डबा म्हणतात, आम्हीही डबाच म्हणू. आत दोन टीबीच्या चार डिस्क. आवाजाला फार जागा लागत नाही, पण मिनीडीव्हीची एका तासाची टेप तेरा जीबी खाते आणि मामांनी नंतर कॅमेराही घेतला होता.

चार डिस्कची जोडणी रेड 5 पद्धतीची. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेल्या, अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या कल्पनेतली ही एक. तीन डिस्कवर मजकूर आणि चौथीवर त्यांचा हिशेब, असं ढोबळमानाने समजा. प्रत्यक्षात हिशेब चारही डिस्कवर वाटलेला असतो. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर काढता येतो. दोन गेल्या की हिशेब जमत नाही.

[दृश्य: मोबाइलवर न उघडलेल्या मेलची यादी. बोट वर सरकतं.]

पहिली डिस्क बाहेर पडली, म्हणजे जोडणीतून गळाली, तेव्हा डब्याने मेल पाठवला होता. तो ज्या पत्त्यावर गेला, तो पत्ता तीन महिने कोणी उघडला नव्हता. तीन महिने डबा तीन डिस्कवर चालला आणि मामा रोज त्यात नवी कॅसेट भरत राहिले. मग मी आलो, लाल दिवा पाहिला आणि तीच डिस्क काढून पुन्हा बसवली. पुनर्बांधणी, म्हणजे उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा लिहिणं, सुरू झाली. अडतीस टक्क्यांवर दुसऱ्या खणातली डिस्क बाहेर पडली.

[दृश्य: स्क्रीनवर 38 हा आकडा. निवेदन नाही. पंख्याचा आवाज, आठ सेकंद.]

पुनर्बांधणीत उरलेल्या तिन्ही डिस्कचा कोपरान् कोपरा वाचावा लागतो. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला भाग त्या दिवशी पहिल्यांदा वाचला जातो आणि तिथेच खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे छोटे कप्पे, निघतात. म्हणून अधूनमधून सगळी डिस्क वाचून पाहायची असते. डेबियन या मोफत संगणक प्रणालीत ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर, आपोआप होते. डबा डेबियनवरच चालतो. रात्री खरखर होते म्हणून मामांनी ती बंद करून घेतली होती. बंद करून दिली मीच.

[दृश्य: चार डिस्क वर्तमानपत्रावर ओळीने. प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवणारे हात.]

इथून पुढे घाई नाही. डबा बंद केला. कोणती डिस्क कोणत्या खणात होती ते तिच्या अनुक्रमांकासह लिहून ठेवलं. ओळखीच्या एका दुकानदाराने डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं होतं. हा सल्ला फार जुना आहे. थंड डिस्क बाहेर काढली की चकत्यांवर दव धरतं.

[दृश्य: जुन्या, निकामी डिस्कचं झाकण उघडलेलं. आरशासारखी चकती. टक, टक असा आवाज.]

ही डिस्क डब्यातली नाही, दाखवण्यासाठी उघडली आहे. चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हा टकटक आवाज आला तर घरी काही करायचं नसतं. वीज काढायची आणि धूळमुक्त खोली असलेल्या ठिकाणी न्यायची. आमच्या डिस्क टकटकत नव्हत्या.

[दृश्य: काळ्या स्क्रीनवर आकड्यांचं कोष्टक. एका ओळीवर पेनाचं टोक.]

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्या नोंदीला स्मार्ट म्हणतात. आधी पहिल्या डिस्कची पाहू. पाचव्या क्रमांकावर बदललेले सेक्टर: शून्य. 197 वर संशयित सेक्टर: शून्य. 199 वर मात्र मोठा आकडा. ही ओळ तारेवर बिघडलेल्या निरोपांची असते. म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरचा दोष. डिस्क धडधाकट होती. खराब होती ती केबल.

[दृश्य: पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गर्दी, लटकणाऱ्या वायरी, स्कूटरवाला वाट काढतोय. हातात नवी लाल केबल.]

आता दुसरी डिस्क. 197 वर तीन आकडी संख्या. दिवसभरात दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा वाढलेली. ही खरोखर मरायला लागली होती.

आणि इथे मोह होतो. धडधाकट डिस्क जबरदस्तीने जोडून टाकू! पण तिच्यावर होता तीन महिन्यांपूर्वीचा मजकूर, त्यावर अडतीस टक्के नवं लिखाण. ती बाजूला ठेवली. उरलेल्या दोन चांगल्या डिस्क आणि मरणाऱ्या डिस्कची नक्कल, या तिघींवर सगळं उभं राहणार होतं.

[दृश्य: रात्र. टेबलावर दोन डिस्क, मधे छोटा पंखा. स्क्रीनवर हळू सरकणारे आकडे.]

नक्कल काढणाऱ्या साधनाचं नाव जीएनयू डीडीरेस्क्यू. आन्तोनियो दिआझ दिआझ हे 2004 पासून ते सांभाळत आले आहेत. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, कोणी ‘आत काय आहे ते आधी दाखवतो, मग दर सांगतो’ म्हणत नाही. आणि ते हुशार आहे. साधी कॉपी खराब जागी अडते आणि तिथेच डोकं आपटत बसते. हे अडलं की उडी मारून पुढे जातं. आधी सोपं तेवढं सगळं उचलतं. मग खराब जागांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आणतं. उरलं ते एकेक सेक्टर करून.

[दृश्य: मॅप फाइल उघडलेली. अधिक, उणे, प्रश्नचिन्ह यांच्या ओळी.]

किती झालं याची वही ते स्वतः लिहितं. अधिक म्हणजे मिळालं, उणे म्हणजे वाचताच आलं नाही, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून पाहिलं नाही. म्हणून मधे लाईट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. गुरुवार होता, म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. सकाळी गेलीच. संध्याकाळी वहीतल्या जागेवरून पुढे.

या डिस्कवर 390 कोटी सेक्टर आहेत. निरोगी असती तर पाच-सहा तासांत उरकली असती. हिला दोन रात्री आणि एक दिवस लागला. मामा दर तासाला येऊन विचारायचे, “अरे, किती उणे?”

[दृश्य: मामा स्टुलावर बसून स्क्रीन पाहतायत. चहाचा कप तसाच.]

नंतरची जोडणी दहा मिनिटांची. नवी केबल, दोन जुन्या डिस्क, एक नक्कल. डबा फक्त वाचण्यापुरता उघडला. दुरुस्तीचा फेरा आधी पातळ थरावर चालवला. म्हणजे जे लिहिलं जाईल ते वेगळ्या फाइलमध्ये जातं, डिस्क जशीच्या तशी राहते. चुकलं तर थर फेकायचा.

तीन फाइली तुटल्या. दोन कॅसेटवरून पुन्हा घेतल्या. तिसरीची कॅसेट बुरशीने आधीच गेली होती.

[दृश्य: कुरिअरच्या खोक्यात डिस्क. वर पत्ता लिहिणारा हात, पत्ता दिसत नाही.]

रविवारची तपासणी पुन्हा सुरू आहे. मेल आता माझ्या फोनवर येतो. सगळ्याची एक प्रत नाशिकला मावशीकडे असते, दर दिवाळीला बदलून.

[दृश्य: मामा हेडफोन लावतात. स्क्रीनवर ध्वनीची लाट.]

पहिली फाइल मामांनीच निवडली. पंचेचाळिसाव्या मिनिटाला रेकॉर्डरचं बटण उडाल्याचा आवाज आहे.

[खट्ट. मामांचा हात टेबलाकडे जातो, तिथेच थांबतो. झांजा सुरू होतात. काळा पडदा.]