प्रवाळाच्या घरात कोणाला राहू द्यायचं?

(दृश्य: नागपूरची सीताबर्डी, संध्याकाळ. माशांच्या दुकानातला निळा उजेड.)

"पाहा ना बाबा, कसा चमकून राहिला!"

दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं बोट काचेला टेकलंय. आत बटरफ्लाय फिश, पिवळाधमक, डोळ्यावरून काळा पट्टा. बाबा खिशात हात घालतात, तेवढ्यात दुकानदार विचारतो, "टाकीत प्रवाळ आहे का?"

"आहे ना."

"मंग हा नका नेऊ भाऊ. सारं खाऊन टाकीन."

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण ती हजारो इवल्या जिवांची वसाहत असते. प्रत्येकाला तोंड असतं, तोंडाभोवती स्पर्शक. बटरफ्लाय फिशच्या कित्येक जातींचं निमुळतं तोंड हे जीव वेचायलाच घडलंय. समुद्रात कुरतडलेली जागा पुन्हा भरून येते. तीन फुटांच्या टाकीत मात्र दिवसागणिक थोडं थोडं करत सगळंच संपतं. मोठे एंजलफिश आणि ट्रिगरफिशही देखणे, पण ते प्रवाळाच्या टाकीतले नव्हेत.

वाघाचं महत्त्व नागपूरकरांना सांगायला नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तिच्यातच खडक बांधणारे प्रवाळही आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. म्हणून मऊ, दगडी सांगाडा नसलेला प्रवाळ घेतानाही तो कुठून आला, हे विचारायचं आणि कागद पाहायचे.

(दृश्य: घरातली टाकी. शेजारी सुरू असलेला टेबल फॅन.)

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. प्रवाळाला साधारण २५-२६ अंश लागतात. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, महाग; तेव्हा या घरानं कूलरचंच तत्त्व वापरलं. पाण्यावर वारा सोडला की कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि टाकी काही अंशांनी गार होते. भर मे महिन्यात तेवढं पुरत नाही, तेव्हा खोलीतला एसीही चालवावा लागतो. पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. त्यामुळे रोज भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. इथं भरीला खारंच पाणी पडत गेलं, की मासा कितीही चांगला निवडलेला असो, उपयोग नाही.

आता निवड. पहिली आली क्लाउनफिशची जोडी. हे सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं यांची पैदास साधली आहे, त्यामुळे समुद्रातून ओरबाडलेले मासे घ्यायचं कारणच उरत नाही. मग रॉयल ग्रामा: पुढून जांभळा, मागून पिवळा, जणू दोन माशांचा सांधा. नंतर इंडोनेशियाचा बांगाई कार्डिनल. त्याचा नर अंडी तोंडात उबवतो, आणि तितके दिवस अन्नाला शिवत नाही. मुलीला हे कळल्यापासून ती त्याच्यासमोर हळू आवाजात बोलते.

फायरफिश घाबरला की उडी मारतो. म्हणून वर जाळी.

यलो टँगचा विचार दोघांनी बराच केला. तो शेवाळ चरतो, प्रवाळाला शक्यतो त्रास देत नाही, पण वीतभर वाढतो आणि त्याला पोहायला लांब पल्ला हवा. तीन फुटांत त्याला कोंडणं बरं नव्हे. नाही आणला.

मन खरं अडकलं ते मँडरिनवर. निळ्या अंगावर नारिंगी वळणं, पैठणीच्या पदरासारखी. प्रवाळाला तो अजिबात त्रास देत नाही. तरीही नवीन टाकीत तो बहुतेकदा उपाशी मरतो, कारण त्याचं खाणं म्हणजे खडकांच्या फटींतले डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव. दिवसभर तो तेच टिपत असतो. त्यांची पैदास खडकांत मुरायला वेळ लागतो. दुकानात तो तजेलदार वाटला, तरी पोट आत गेलेलं असेल तर नेऊ नये.

(दृश्य: रात्र. टाकीचे दिवे बंद, मुलीच्या हातात बॅटरी.)

रोज रात्री ती काचेवर उजेड पाडून पाहते. कोपेपॉडचे पांढरे ठिपके, टुणकन सरकणारे. वहीत तारीख आणि खूण.

"बाबा, आज लय होते."

"अजून वाढू दे बेटा."

मँडरिन पुढच्या दिवाळीनंतर येणार आहे. खडकाच्या डाव्या बाजूची फट त्याच्यासाठी ठेवली आहे.