चतुर्दशीची ओहोटी

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात सरावाचं वेळापत्रक असा वेगळा कागद कधी लागलाच नाही. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असे. त्याच्या चौकोनांत तिथीच्या बाजूला पेन्सिलनं एकेक अक्षर लिहिलेलं असायचं. ‘पु’ म्हणजे पुळण, समुद्रकाठची वाळू; ‘स’ म्हणजे सडा, गावावरचं कातळाचं पठार. त्या अक्षरांप्रमाणे आम्ही वागलो आणि 1990 च्या मोसमात विद्यापीठाच्या फुटबॉल स्पर्धेत कोकणातल्या कॉलेजांच्या गटाचं विजेतेपद मिळवलं. आज त्या मोसमाबद्दल बोलायचं म्हणून बसलो आहे, पण मनात आहेत ते ती अक्षरं लिहिणारे हात.

जिमखान्याचे शिपाई होते ते. त्याआधी अर्धं आयुष्य समुद्रावर, होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख म्हणून. डोळ्यांना दिसायला कमी लागलं तसे किनाऱ्यावर आले आणि कॉलेजात नोकरीला लागले. आम्ही सगळे त्यांना तांडेलकाका म्हणायचो. फुटबॉल शिकवायचे ते आमचे सर, कोल्हापूरचे. तिथे पेठापेठांचे आणि तालमींचे संघ, सामना असला की अख्खं गाव शाहू स्टेडियमवर. त्या वातावरणात वाढलेला माणूस आमच्याकडे आला आणि पहिला प्रश्न त्यानं विचारला, “मैदान कुठाय?”

प्रश्न बरोबर होता. कोकणात सपाट जागा म्हणजे सोन्याचा तुकडा. फुटबॉलला निदान नव्वद मीटर लांब मोकळी जमीन लागते. आमच्याकडे डोंगर उतरला की भातशेती, भातशेती संपली की माड, माड संपले की समुद्र. कॉलेजचं म्हणून जे पटांगण होतं त्यात व्हॉलीबॉलचं कोर्ट जेमतेम बसायचं. राहिल्या दोनच जागा. गावावरचा जांभ्याचा सडा आणि गावाखालची पुळण. सडा आमचाच होता, पण पुळण रोज आमची नव्हती. ती समुद्राची, तो देईल तेव्हा घ्यायची.

इथे तांडेलकाका पुढे आले. किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना हे सांगायला नको, पण घाटावर कुणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळीही सहाच्या सुमाराला भरती. म्हणजे कॉलेज सुटल्यावर पुळणीवर पाय ठेवायला जागा नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला. त्यातून त्या दिवसांत उधाण. उधाणाला भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि मागे राहते घट्ट, ओली, रुंद वाळू. चेंडू तिच्यावर असा सरळ धावतो की सर पहिल्यांदा बघताना हरखूनच गेले. घड्याळाचा काटा बंदराबंदराला थोडा मागेपुढे होतो, पण काकांच्या हिशेबात आमचं बंदर बसलेलं होतं.

“आज अष्टमी. सांजेक भरती येतली. पुळणीर जागा मिळाची नाय. सड्यार चला,” असं काका म्हणाले की सर वाद घालत नसत.

त्या वर्षीच्या जून-जुलैमध्ये मात्र प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात समुद्र किनारा कापून नेतो, पुळणीला उतार पडतो, लाटेचा भरवसा नसतो. सगळा सराव सड्यावर. संघातल्या सहा जणांच्या घरी मासेमारी. होड्या वर ओढून झापांनी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांनी शाकारलेल्या, त्यामुळे पोरं मोकळी. बाकीचे आम्ही शेतकऱ्यांचे, लावणी आटपून यायचो. सड्यावर पाऊस पडतो तो राहत नाही, कातळावरून वाहून जातो. पातळसं गवत, त्याखाली वितभरही माती नाही, त्याखाली जांभा. पडलात तर गुडघा सोलून निघायचा. पण म्हणूनच आम्ही पाय रोवून, न पडता खेळायला शिकलो. श्रावण लागता लागता त्याच गवतात सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुलं यायची आणि दोन्ही कोपऱ्यांच्या झेंड्यांभोवती ती आम्ही कुणी तुडवत नसू. असा काही नियम केलेला नव्हता. तेवढं पोरांना आपोआप कळायचं.

बूट सगळ्यांकडे नव्हते. सरावाला निम्मे अनवाणीच. सर आम्हाला 1911 ची गोष्ट सांगायचे. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबनं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीच्या संघाला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड ही मानाची स्पर्धा जिंकली, तेव्हा अकरापैकी दहा जण अनवाणी होते. ते ऐकून आमचा गोलकीपर म्हणाला, “मग आमका बूट कशाक?” तेव्हा सरांनी पुढची गोष्ट सांगितली. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. स्पर्धेपुरते अकरा जोड कसेबसे जमवले. काही गावातल्या चाकरमान्यांनी मुंबईहून धाडले. त्या बुटांना आणि चामड्याच्या चेंडूच्या शिवणीला तांडेलकाका होडीला लावायचं माशाचं तेल चोळायचे. पाणी आत शिरत नसे. वास मात्र असा यायचा की एसटीत आमच्या शेजारची बाकं रिकामी राहत. चेंडू भिजून जड होणं म्हणजे काय, हे ज्यानं पावसात असा चेंडू डोक्यावर घेतलाय त्यालाच कळेल. आमचा चेंडू शेवटच्या मिनिटापर्यंत हलका असायचा.

आणि त्याच जून-जुलैमध्ये इटलीत विश्वचषक चालू होता. गावात एका घरी टीव्ही. माजघरात, पडवीत, खिडकीत माणसंच माणसं. पहिल्याच सामन्यात कॅमेरूननं अर्जेंटिनाला 1-0 हरवलं, तेव्हा त्या घराची कौलं हलली असतील. काकांना आवडला तो कॅमेरूनचा रॉजर मिला. 38 वर्षांचा माणूस, बदली खेळाडू म्हणून येतो, गोल करतो आणि कोपऱ्यातल्या झेंड्याशी नाचतो. काका टीव्हीच्या अगदी जवळ बसायचे, डोळ्यांमुळे. मिला आला की म्हणायचे, “ह्यो वाट बघता. आधी धावणा नाय. पाण्याचो अंदाज घेता.” तेव्हा आम्हाला वाटलं, हे आपले समुद्रातच अडकलेले आहेत. त्यांनी फुटबॉलमधलं केवढं मोठं काही पाहिलं होतं ते ऑक्टोबरात कळलं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि आमची ओढाताण सुरू झाली. गोलकीपर रात्री वडिलांबरोबर होडीवर आणि सकाळी लेक्चरला. संध्याकाळी तो गोलमध्ये उभा राहायचा तेव्हा त्याच्या हाताला जाळ्याचे वळ असायचे. पाठोपाठ गणपती. कोकणातल्या पोराला चतुर्थीला घराबाहेर ठेवील असा सर अजून जन्मायचा आहे! सरांनी ते ओळखलं आणि गौरीविसर्जन होईपर्यंत सराव बंद ठेवला. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

गटातले सुरुवातीचे सामने सांगण्यासारखे नाहीत. दोन जिंकले, एक बरोबरीत सुटला. गोल फार केले नाहीत आणि फार खाल्लेही नाहीत. मी लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावाचा खेळाडू होतो, म्हणून गोल न खाण्याचं मला जास्त कौतुक असेल.

अंतिम सामना ठरला दसऱ्यानंतर, कोजागिरीच्या आदल्या दिवशी. समोरचा संघ सह्याद्रीच्या पायथ्याचा, गोव्याच्या सीमेकडचा. चांगला खेळणारा संघ, आमच्याहून चांगला, हे मला आजही मान्य आहे. गोव्यात फुटबॉल आला तो 1883 साली, शिवोलीत आलेल्या फादर लायन्स नावाच्या धर्मगुरूंबरोबर, असं सांगतात. शंभर वर्षांत तो तिथल्या वाड्यावाड्यांत मुरला. ही पोरं सुट्टीत गोव्याच्या गावांतून खेळून आलेली. त्यांचे पास जमिनीला चिकटून, छोटे छोटे, पायापायांतून. तसा खेळ आम्हाला जमत नव्हता.

मैदान तिसऱ्याच गावात, खाडीच्या कडेला. एक टोक रस्त्याकडे, थोडं उंच. दुसरं टोक खाडीकडे, खोलगट. त्या टोकाला एक चर, चर जातो व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, व्हाळ मिळतो खाडीला. हस्ताचा पाऊस पहाटेपासून जो लागला तो दुपारी एकपर्यंत. आम्ही पोचलो तेव्हा खाडीकडच्या गोलसमोर तळं झालं होतं. पंच सामना पुढे ढकलायचा विचार करत होते. शेवटी साडेतीनला खेळायचं ठरलं.

तांडेलकाका चराच्या कडेनं चालत व्हाळापर्यंत गेले. तिथे वाकून बराच वेळ बघत राहिले. परत आले, कॅप्टनला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “टॉस गावलो तर बाजू घे. पयल्या हाफाक खाडीकडचो गोल आपलो.”

श्रोतेहो, त्या काळी टॉस जिंकणाऱ्याला बाजू घ्यायची की पहिली किक, हे निवडता यायचं. आणि तळं साचलेलं टोक आपणहून आपल्या गोलला कोण घेईल? कॅप्टननं सरांकडे पाहिलं. सर काकांकडे पाहत होते. काका एवढंच म्हणाले, “आज चतुर्दशी.”

चौदाची पाऊणपट साडेदहा. सकाळी साडेदहाला उधाणाची पूर्ण भरती होती. खाडी फुगलेली, व्हाळ तुंबलेला, म्हणून पावसाचं पाणी मैदानातून निघायला वाटच नव्हती. आता भरती उतरत होती. साडेचारला ओहोटी तळाला जाणार, उधाणाची ओहोटी, चर ओढून नेणार. पहिल्या हाफमध्ये तळं राहील, दुसऱ्या हाफमध्ये राहणार नाही. काका व्हाळाशी वाकून बघत होते ते एवढंच, की पाण्याला ओढ लागली का.

टॉस आम्ही जिंकला. बाजू घेतली.

पहिला हाफ मी जन्मात विसरणार नाही. त्यांचे छोटे पास आमच्या अर्ध्यात यायचे आणि पाण्यात मरायचे. चेंडू थबकायचा, फॉरवर्ड पुढे निघून जायचा, आम्ही उचलून लांब मारायचो. त्यांचा खेळच त्या तळ्यानं बुडवला. तरी दोनदा ते अगदी गोलतोंडाशी आले. एकदा गोलकीपरनं चिखलात लोळण घेऊन चेंडू पोटाशी धरला, एकदा बारनं वाचवलं. हाफटाइमला 0-0.

बाजू बदलल्या. आम्ही चुना ओढायला कुणाला सांगितलं नव्हतं, पण खाडीकडच्या टोकाला पेनल्टी एरियाची धुऊन गेलेली रेघ पुन्हा ओढता आली, इतकं पाणी उतरलं होतं. समोरच्या बॅकना हे कळलं नाही असं नाही, पण कळणं आणि पायांना सवय होणं यात फरक आहे. पाऊण तास समोरून त्यांनी बघितलं होतं की त्या जागी चेंडू थांबतो. दुसऱ्या हाफची दहा मिनिटं झाली असतील. आमच्या सेंटर हाफनं डाव्या बाजूला लांब, जमिनीलगत चेंडू सोडला. त्यांचा बॅक तो थांबेल म्हणून दोन पावलं मागे राहिला. चेंडू थांबला नाही. ओल्या पुळणीवर धावतो तसा धावला. आमचा राइट विंगवाला पोरगा तिथे कसा पोचला होता मला माहीत नाही, त्याची जागा ती नव्हतीच. महिनोन् महिने पुळणीवर त्याला तसाच चेंडू मिळत आला होता. त्यानं न थांबवता मारला. 1-0.

उरलेला वेळ आम्ही राखला. तेव्हा बॅकनं चेंडू मागे दिला तर गोलकीपर हातात घेऊ शकत होता. तो नियम 1992 मध्ये बदलला, आणि बदलला ते खेळाच्या भल्याचंच झालं. पण त्या संध्याकाळी मी निदान आठ वेळा गोलकीपरला चेंडू दिला, आणि प्रत्येक वेळी जाळ्याचे वळ असलेले ते दोन हात चेंडूवर मिटताना पाहिले. शिट्टी झाली तेव्हा तो गोलमध्येच खाली बसला. रात्रभर होडीवर होता हे आम्हाला नंतर कळलं.

पुढे मुंबईत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. त्याच मोसमात महाराष्ट्रानं केरळात जाऊन अंतिम सामन्यात केरळला हरवून संतोष करंडक ही राज्यांच्या संघांची स्पर्धा जिंकली. आम्ही रेडिओला कान लावून बातमी ऐकली आणि त्या विजयातही आपला थोडा वाटा असल्यासारखे आठवडाभर वावरलो.

पण मला सांगायचंय ते आमच्या अंतिम सामन्यानंतरचं. आमचा करंडक घेऊन त्या रात्री उशिरा गावात आलो. दुसऱ्या दिवशी कोजागिरी. कालनिर्णयच्या चौकोनात काकांनी ‘पु’ लिहिलेलंच होतं. गटाचे सामने संपले होते, सराव कुणी बोलावला नव्हता, तरी सव्वापाचला सगळे पुळणीवर. सर आले, काकाही आले. गोल म्हणून चार चपला रोवल्या. अंधार पडायच्या आत माडांमागून चंद्र वर आला आणि वाळू उजळली. भरती चढू लागली तसा समुद्राकडचा गोल पाण्यात जायला लागला. मग आम्ही त्या चपला उचलून दहा पावलं वर आणल्या आणि खेळत राहिलो. पुन्हा पाणी आलं, पुन्हा वर आणल्या. काका कडेला उभं राहून आम्हाला ओरडून सांगत होते, अजून किती वेळ आहे ते.