शिलकीचा हिशेब: कौन्सिलातले गोखले

मंडळी, गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. ते गांधीजींचे राजकीय गुरू, आणि ते मवाळांचे पुढारी. पुतळ्याला हार घालायला एवढं पुरतं. आज मी त्यातलं काहीच सांगणार नाही. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलायला उठणारा हा सभासद नेमकं काय करायचा, तेवढंच बघू. माझं म्हणणं असं आहे, की ज्या सभागृहात सरकारला हरवणं अशक्य होतं, तिथेही सरकारचेच आकडे सरकारला वाचून दाखवून थोडंफार पदरात पाडून घेता येतं, हे गोखल्यांनी करून दाखवलं. ते किती आणि कुठपर्यंत, हाही प्रश्न आहेच.

त्या सभागृहाला संसद म्हणणं म्हणजे जरा थट्टाच. 1892 च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलायची मुभा मिळाली होती. मत देण्याची नाही. प्रश्न विचारता येई, पण उत्तर मिळालं की विषय संपला, उपप्रश्न नाही. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय, म्हणजे त्या वेळी लॉर्ड कर्झन. सरकारी अधिकाऱ्यांचं बहुमत कायम. अशा ठिकाणी वर्षातून एकदा अर्थखात्याच्या सभासदाचं अभिनंदन करावं, आपल्या प्रांताच्या एकदोन तक्रारी मांडाव्यात आणि खाली बसावं, हा शिरस्ता. (अभिनंदनाचा शिरस्ता पुढेही फारसा बदलला नाही, पण ते राहू द्या.)

फिरोजशहा मेहतांनी सोडलेल्या जागेवर गोखले 1901 च्या अखेरीस निवडून गेले. वय 35. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. त्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तक शाळांतून चालत होतं, हे इथे मुद्दाम सांगतो. त्याआधी 1897 मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष देऊन आले होते. तेव्हा आकड्यांची भीती त्यांना नव्हती.

26 मार्च 1902 चं त्यांचं पहिलं भाषण. त्या वर्षी सरकारी तिजोरीत सात कोटी रुपयांची शिलकी होती. अर्थखात्याचे सर एडवर्ड लॉ खूश, सभासद खूश. गोखले उठले आणि सुरुवातीलाच म्हणाले, या अभिनंदनात मनापासून सामील होणं मला जमत नाही. एवढी शिल्लक पूर्वी कधी पडली नव्हती, हे त्यांनी मान्य केलं, आणि तीच आपली तक्रार आहे असं सांगितलं. लोक हालात आणि तिजोरी सुखात, म्हणजे या दोघांचा एकमेकांशी काही संबंधच उरलेला नाही. 1896-97 चा दुष्काळ आणि 1899-1900 चा दुष्काळ, दोन्ही ताजे होते. अशा वर्षांत पैसा उरतो कसा?

आता कसा उरतो, ते पाहू. इथे थोडं थांबावं लागेल. विलायतेतला खर्च, म्हणजे पेन्शनी, कर्जावरचं व्याज, हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च वगैरे, हिंदुस्थान सरकारला पौंडांत भागवावा लागे. तो वर्षाला दीड कोटी पौंडांच्या वर होता. वसुली मात्र रुपयांत. चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरला. ही घसरण थांबवायला 1893 मध्ये सरकारने लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणं बंद केलं, तरी सुरुवातीला रुपया तेरा पेनीपर्यंत खाली आला. पुढे तो सोळा पेनीवर चढवून स्थिर केला. पौंडात 240 पेनी. तेरा पेनीच्या भावाने एका पौंडाला साधारण साडेअठरा रुपये पडत. सोळाच्या भावाने पंधरा. म्हणजे दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. दीड कोटीने गुणा, पाच कोटींच्या वर जातं.

रुपया घसरत होता तेव्हा ती खोट भरून काढायची म्हणून कर वाढवले होते. खोट गेली, कर तसेच राहिले. शेतकरी तितकेच रुपये भरत होता. पण रुपया महागलेला, म्हणजे ते तितकेच रुपये उभे करायला त्याला माल जास्त विकावा लागणार. गोखल्यांचा मुद्दा एवढाच: ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, ती गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या कराची पावती आहे.

हे सगळं एकट्याचं काम नव्हतं. न्यायमूर्ती रानडे जानेवारी 1901 मध्ये गेले होते. त्यांच्याच तालमीतले गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर, गोखल्यांना टिपणं काढून देत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातले जोश्यांचे लेख ज्यांनी चाळले असतील त्यांना त्या भाषणांतला त्यांचा हात ओळखू येईल. सरकारी नोकरीतला माणूस सरकारच्याच हिशेबातल्या फटी दाखवतोय, आणि गोखले त्याच फटी कर्झनसमोर मांडतायत! आपण वक्त्याचं नाव लक्षात ठेवतो आणि टिपणं काढणाऱ्याला विसरतो. जोश्यांवर हा अन्याय झालाच आहे.

मिठाचं उदाहरण घ्या. 1888 पासून मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि मणाचे शेर चाळीस. शेराला बरोबर एक आणा नुसता कर. मिठाची मूळ किंमत त्यापुढे काहीच नाही. गोखल्यांनी दयेची भाषा फार वापरली नाही. त्यांनी खपाचे आकडे ठेवले: लोकसंख्येच्या मानाने मीठ खपायला हवं तेवढं खपत नाही, म्हणजे गरीब माणूस मिठातही काटकसर करतोय. 1903 च्या अंदाजपत्रकात कर दोन रुपयांवर आला. 1905 मध्ये दीड. 1907 मध्ये एक रुपया, म्हणजे शेराला पाच पैसुद्धा नाही (आण्याच्या पै बारा). कर कमी झाला तसा खप वाढला, आणि गोखले दर मार्चला तो वाढलेला खप दाखवून पुढची मागणी करत. 1903 मध्येच प्राप्तिकराची माफीची मर्यादा 500 रुपयांवरून 1000 वर गेली. तीही त्यांच्या 1902 च्या मागण्यांत होती. हे सगळं त्यांच्या एकट्याच्या भाषणामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तिजोरी भरलेली होती, कर्झनला नावही हवं होतं. पण कुठला कर आधी उतरवावा, हे कुणीतरी आकड्यांनिशी सांगितलेलं होतं.

याउलट कापडावरची अबकारी. आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर होता, तो विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांच्या सोयीसाठी. त्यावर ते वारंवार बोलले. ती उठायला 1925 चा डिसेंबर उजाडला. गोखले 1915 मध्येच गेले होते. जिथे विलायतेतल्या गिरणीवाल्यांचं हित गुंतलेलं, तिथे हिशेब कितीही चोख असो, उपयोग शून्य.

आणि एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वर्तमानपत्रांवर बंधनं घालणाऱ्या 1910 च्या प्रेस अ‍ॅक्टला गोखल्यांनी विरोध केला नाही. काही दुरुस्त्या हव्यात म्हणाले, पण विधेयकाच्या बाजूने राहिले. त्याच माणसाने 1904 मध्ये सरकारी गुपितांच्या विधेयकावर आणि 1907 मध्ये राजद्रोही सभांच्या विधेयकावर कडक टीका केली होती. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनानंतरचं वातावरण होतं, हे खरं. तरीही मला ते पटत नाही.

शेवटी शिक्षणाचं विधेयक. 1909 च्या सुधारणांनंतर ठराव आणता येऊ लागले, मतं मोजली जाऊ लागली. 16 मार्च 1911 ला त्यांनी प्राथमिक शिक्षण विधेयक मांडलं. किती जपून मांडलं बघा. सहा ते दहा वर्षांचे मुलगे. तेही जिथे ठराविक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथेच. तेही म्युनिसिपालिटीची किंवा लोकल बोर्डाची इच्छा असेल तर, आणि सरकारची परवानगी मिळाली तर. ज्याचं उत्पन्न महिना दहा रुपयांच्या आत, त्याच्या मुलाला फी नाही. बडोद्याला सयाजीरावांनी 1906 मध्येच संस्थानभर सक्ती लागू केली होती. इथे तर नुसती पायरी मागितली होती. जिना आणि मालवीय दोघेही बाजूने बोलले. शिक्षणखात्याचे हारकोर्ट बटलर विरुद्ध. 19 मार्च 1912 ला मतं पडली: बाजूने 13, विरुद्ध 38. विधेयक पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं, आणि तसं त्यांनी मतदानाआधी सभागृहात सांगितलंही.

विधेयक पडलं, पण त्याची धग सरकारला लागली होती. डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी 50 लाख रुपये जाहीर झाले. पुढे 1918 मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी म्युनिसिपालिट्यांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. त्याची घडण पाहिलीत तर तीच दिसते: सक्ती करायची की नाही ते म्युनिसिपालिटीने ठरवायचं, आणि मंजुरी सरकारने द्यायची.