जोश गिब्सनचे आकडे

सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आपल्या पिट्सबर्गमध्ये बेसबॉलच्या संदर्भात ३,००० हा आकडा निघाला की जुनी माणसे रॉबर्टो क्लेमेंटेचे नाव घेतात. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने तीन हजारावी हिट (चेंडू टोलवून निदान पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोहोचणे) मारली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले विमान समुद्रात कोसळून तो गेला. मला आज बोलायचे आहे ते याच शहराच्या दुसऱ्या एका खेळाडूविषयी. जोश गिब्सनचे आकडे मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, अधिकृत नोंदींत यायला त्याच्या मृत्यूनंतर ७७ वर्षे लागली.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे फलंदाजाची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होण्याची संख्या; बेसबॉलमध्ये ती हिट्स भागिले फलंदाजीच्या संधी अशी काढतात आणि त्या संधींत 'वॉक' (चार चुकीचे चेंडू पडल्याने फुकट मिळणारा पहिला बेस) धरत नाहीत. ०.३०० म्हणजे दहा संधींत तीन हिट्स, आणि एवढी सरासरी टिकवणारा उत्तम फलंदाज समजला जातो. ज्या बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे सामन्यातील प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीच्या तक्त्यातून, हे आकडे निघतात, त्याला रूप देण्यात हेन्री चॅडविक यांचा मोठा वाटा होता. ते मूळचे इंग्लंडचे आणि क्रिकेटचे वार्ताहर होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूचा हिशेब कागदावर मांडण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती.

मात्र हा हिशेब सगळ्यांचा ठेवला गेला नाही. १८८० च्या दशकानंतर मेजर लीगच्या मालकांनी अलिखित संगनमताने कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद केले, आणि ते १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरेपर्यंत बंदच राहिले. दरम्यान १९२० साली रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय खेळाडूंची निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली आणि पुढे तशा आणखीही लीग उभ्या राहिल्या. नदीपलीकडच्या आपल्या होमस्टेडमध्ये पोलाद कामगारांच्या संघातून होमस्टेड ग्रेज हा बलाढ्य संघ घडला. गिब्सन त्याचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, होता. २० जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. अ‍ॅलेगेनी स्मशानभूमीतील त्याच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता.

मला सर्वांत जास्त खटकते ते १९६९ सालचे. कोणत्या लीगना 'मेजर' म्हणायचे हे ठरवण्यासाठी त्या सुमारास नेमलेल्या समितीने सहा लीगना मान्यता दिली. १८८४ साली एकच हंगाम चाललेली आणि जिचे कित्येक संघ हंगामाच्या मध्येच बंद पडले अशी युनियन असोसिएशनही त्यांत होती. निग्रो लीगचा विचार मात्र झालाच नाही. नोंदी अपुऱ्या होत्या हे कारण नंतर पुष्कळ ऐकू आले, पण त्या शोधण्याची तसदी आधी घ्यायला हवी होती. ती घेतली काही चिकाटीच्या अभ्यासकांनी. त्यांनी 'पिट्सबर्ग कुरियर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचे जुने अंक उलटून एकेका सामन्याचा बॉक्स स्कोअर जुळवला. काही ठिकाणी तर फक्त अंतिम धावसंख्या छापलेली असे, त्यामुळे हे काम किती वेळखाऊ असेल याची कल्पना येते.

डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला. पुढे जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आकडे तपासले आणि मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंची कामगिरी अधिकृत नोंदींत आली. गिब्सनची कारकीर्दीतील सरासरी ०.३७२ ठरली आणि टाय कॉबची ०.३६७ मागे पडली. १९४३ च्या हंगामातील त्याची ०.४६६ ही ह्यू डफीच्या १८९४ मधील ०.४४० च्या वर गेली. पुढे मेजर लीगमध्ये गाजलेल्या विली मेजला बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या निग्रो लीगमधील संघाकडून मारलेल्या दहा हिट्स मिळाल्या आणि त्याचा आकडा ३,२९३ झाला. जूनमध्ये त्याचे निधन झाले, त्याआधी हे घडले याचे मला समाधान वाटते.

काहींचा आक्षेप असा की त्या लीगचे हंगाम लहान होते. ते खरे आहे, पण करोनामुळे ६० सामन्यांपुरता उरलेला २०२० चा हंगाम आपण पूर्ण मान्य करतोच. जुने आकडे दगडावरची रेघ आहेत, हेही खरे नाही. १९१० मधील टाय कॉबच्या दोन हिट्स चुकून दोनदा मोजल्या गेल्याचे १९८१ साली उघडकीस आले, तरी तत्कालीन कमिशनरांनी (मेजर लीगच्या प्रमुखांनी) नोंद बदलली नाही. पीट रोझने सप्टेंबर १९८५ मध्ये सिनसिनाटीत ४,१९२ व्या हिटने कॉबचा विक्रम मोडल्याचा जल्लोष झाला तो त्या जुन्याच आकड्याच्या आधाराने.

नव्या नोंदींतील एक गोष्ट मला विशेष आवडली. हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनातील गिब्सनच्या फलकावर जवळजवळ ८०० होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) लिहिले आहेत, पण त्यांत गावोगावी खेळलेले लीगबाहेरचे सामनेही धरलेले आहेत. समितीने पुरावा असलेले लीगचे सामनेच मोजले आणि त्याचे होम रन दोनशेच्या आत राहिले. त्यामुळे होम रनच्या यादीत बॅरी बाँड्सचे ७६२ आणि हँक आरनचे ७५५ जागच्या जागी आहेत. गिब्सनच्या पदरात पडले ते कागदोपत्री सिद्ध झालेले, आणि म्हणूनच ०.३७२ हा आकडा आपल्या मुलांना सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.