शांतिसेना परत आली, पण दोष कुणाचा?

२४ मार्च १९९०. श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीच्या बंदरातून भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी निघाली. श्रीलंका सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातलं युद्ध थांबवायला गेलेले आपले जवान जवळपास ३२ महिने तिथे होते, त्यातले सुमारे १,२०० परत आलेच नाहीत, आणि जे आले त्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी मद्रास बंदरावर फिरकलेही नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, ही सेना तमिळांनाच मारून आलीय.

हा राग उगाच नव्हता. ऑक्टोबर १९८७ मध्ये उत्तर श्रीलंकेतल्या जाफना हॉस्पिटलात आपल्याच जवानांच्या गोळ्यांनी डॉक्टर, नर्स, पेशंट गेले, हे झाकून चालणार नाही. पण त्याच महिन्यात जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात १३ सिख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान रात्री हेलिकॉप्टरने उतरले, खाली लिट्टेवाले, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारे बंडखोर, दबा धरून बसलेले, पुढची मदत पोचलीच नाही, २९ जण लढता लढता गेले आणि एकटा जिवंत सापडला. नोव्हेंबरमध्ये ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून लढले आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

मग मोहीम फसल्याचा दोष कुणाचा? माघार व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात पूर्ण झाली म्हणून बरंच खापर त्यांच्यावर फुटलं, पण ते बरोबर नाही. निघून जा असं श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी १ जून १९८९ लाच जाहीर सांगितलं होतं आणि माघारीला सुरुवात राजीव गांधींच्याच काळात झाली. खरी चूक श्रीलंकेत जातानाची. २९ जुलै १९८७ च्या करारावर सह्या राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या, लिट्टेची सहीच नाही, आणि शस्त्रं खाली ठेवायला लावायची जबाबदारी मात्र आपण अंगावर घेतली! पुढे तर आपल्याविरुद्ध लढायला प्रेमदासांनीच लिट्टेला शस्त्रं पुरवली.

अजून थांबलो असतो तर काही वेगळं झालं असतं का? मला नाही वाटत. आपण निघाल्यावर जूनमध्ये लिट्टे आणि श्रीलंका सरकारचं युद्ध पुन्हा पेटलं, लिट्टेने शरण आलेले शेकडो पोलीस मारले. १९९१ मध्ये राजीव गांधी लिट्टेच्याच हल्ल्यात गेले, १९९३ मध्ये प्रेमदासाही.

पण एक गोष्ट माफ करता येत नाही. आपल्या भरवशावर ज्यांनी श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व भागात प्रांतिक सरकार चालवलं, त्यांचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ भारतात निघून आले, त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना लिट्टेने मद्रासमध्ये येऊन मारलं, आणि त्या सरकारसाठी तमिळ नॅशनल आर्मी म्हणून जबरदस्तीने भरती केलेली कोवळी पोरं लिट्टेच्या तावडीत सापडली. सप्टेंबर १९८९ मध्ये माघारीचा करार झाला तेव्हापासून हाताशी सहा महिने होते. तेवढ्यात त्या पोरांना घरी पाठवायला नाहीतर सोबत आणायला हवं होतं, आणि आपण त्यांच्या हातात बंदुका देऊन निघालो.