शूट झाल्यावर फोटोग्राफर काय करतो?

(मेमरी कार्ड चिमटीत धरून, लेन्सजवळ)

हे कार्ड बघा. टपालाच्या तिकिटाएवढं, वजन जेमतेम 2 ग्रॅम. यात एका जोडप्याच्या लग्नाचा अख्खा दिवस आहे. काल रात्री साडेअकराला मी घरी आले, पायांचे तुकडे पडले होते, तरी जेवायला बसण्याआधी हे कार्ड कॉपीला लावलं. फोटोग्राफी हा व्यवसाय करायचाय असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारते: शूटवरून आल्यावर पहिल्या तासात तुम्ही काय करता? कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, ते नंतर बोलू.

मला ही सवय कशी लागली ते सांगते. अगदी सुरुवातीची गोष्ट आहे. एका लग्नात माझ्याकडे दिसायला सारखीच दोन कार्डं होती, दोन्ही एकाच खिशात. एक भरलेलं, एक कोरं. वरमाला व्हायच्या बेतात होती, घाईत भरलेलंच कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं आणि फॉर्मॅट दाबलं. वीसेक फोटो काढल्यावर खिशात हात गेला, दुसरं कार्ड लावून पाहिलं, तर ते कोरं. पोटात गोळाच आला. सकाळपासूनचं सगळं त्या पहिल्या कार्डात होतं. नवरीची आजी चाकाच्या खुर्चीतून आली होती आणि तिने नातीच्या गालावर हात ठेवला होता, तो फोटोही त्यातच होता.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण हे तुमच्याही हातून होऊ शकतं. कॅमेऱ्यात साधं फॉर्मॅट केलं की बहुतेक वेळा फोटो पुसले जात नाहीत, पुसली जाते ती अनुक्रमणिका. कुठला फोटो कुठे ठेवलाय ही नोंद गेल्यामुळे कॅमेरा ती जागा मोकळी समजतो आणि पुढचा फोटो त्यावर लिहितो. म्हणून चूक कळली त्या क्षणी ते कार्ड बाहेर काढायचं. त्यावर एकही फोटो काढायचा नाही. घरी येऊन रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायचं आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या, त्याच कार्डावर चुकूनही नाही. मात्र काही कॅमेऱ्यांत लो-लेव्हल फॉर्मॅटचा, म्हणजे अख्खं कार्डच पुसून काढण्याचा पर्याय असतो, तो वापरला असेल तर परत मिळण्याची आशा फारच कमी.

मला आजींचा फोटो मिळाला. पण नंतर काढलेल्या वीसेक फोटोंखाली सकाळचे पहिले फोटो दबले, नवरी तयार होतानाचे. ते कायमचे गेले. दुसऱ्या दिवशी फोन करून मी ते तिला स्वतःहून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. ती शांतता मी विसरलेले नाही.

तेव्हापासून कोरी कार्डं डबीत सरळ आणि भरलेली उलटी ठेवते, शिवाय भरलेल्या कार्डाच्या कडेचं बारीक लॉकचं बटण खाली सरकवते. ते सरकवलं की कॅमेरा त्यावर लिहितही नाही आणि फॉर्मॅटही करत नाही. इतकंसं बटण, पण त्या दिवशी त्यानेच वाचवलं असतं. आणि कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जाईल असं सेटिंग ठेवा. पहिलं भरलं की दुसरं, अशी सोय पण असते. पैसे घेऊन काम करताना ती वापरू नका.

घरी आल्यावरचा नियम तीन-दोन-एकचा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरच्या लिखाणातून हा नियम आपल्या क्षेत्रात रुळला. वेगळी जागा म्हणजे खरोखर वेगळी. दोन्ही हार्डडिस्क एकाच कपाटात असतील तर चोरी झाली किंवा पाणी शिरलं, की दोन्ही एकदम जातात. आणि कॉपी झाली असं स्क्रीनवर आलं म्हणून विश्वास ठेवू नका. मधले दहा-बारा फोटो पूर्ण उघडून बघा. दोन प्रती तपासून झाल्याशिवाय मी कार्ड पुसत नाही.

फाइली एवढ्या मोठ्या का असतात, तर आपण रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढतो म्हणून. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. पांढरा शुभ्र ड्रेस आणि शेजारी काळा कोट एकाच फोटोत आला की हा फरक डोळ्यांना दिसतो. जेपेगमध्ये ड्रेसवरची नक्षी एकदा पांढरी फटक झाली की झाली, रॉमधून ती बऱ्याचदा परत खेचून आणता येते. पण त्यासाठी जागा लागते, डिस्क लागतात. हा खर्च तुमच्या कोटेशनमध्ये धरलाय का? बहुतेक नवीन मंडळी फक्त शूटचा दिवस मोजतात. माझ्या एका दिवसाच्या शूटमागे टेबलावरचे तीन दिवस जातात. म्हणजे कामाचे दिवस चार, आणि दर चार दिवसांचाच लावायचा.

त्या तीन दिवसांतला मोठा वेळ निवडीत जातो. कालच्या लग्नाचे अडीच हजार फोटो आहेत, देणार पाचशेच्या आसपास. क्लायंट हमखास म्हणतात, काढलेच आहेत तर सगळेच द्या ना. मी देत नाही. मिटलेले डोळे, अर्धवट वाक्यात उघडी राहिलेली तोंडं, एकाच हसण्याचे सात फोटो, या गर्दीत आजींचा तो हात हरवून जातो. तो शोधून समोर ठेवणं हेच तर माझं काम आहे. फक्त हे ॲडव्हान्स घेण्याआधी लेखी असायला हवं: किती फोटो, कुठल्या तारखेला, आणि फाइली मी किती महिने सांभाळणार.

त्याच कागदावर हक्कांचीही ओळ घाला. 1947 साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमोर या फोटोग्राफरांनी मॅग्नम ही फोटोग्राफरांची संस्था काढली, तेव्हा त्यांचा मोठा आग्रह हाच होता की फोटोचा हक्क मासिकाकडे न जाता फोटोग्राफरकडे राहावा. लग्नाच्या कामात प्रश्न उलटाही येतो. त्यांच्या आयुष्यातले फोटो मी माझ्या जाहिरातीत वापरू शकते का? कायदा देशागणिक वेगळा, तुमच्याकडचा वाचून घ्या. पण कायदा काहीही असो, मी विचारते, आणि नको म्हणाले तर वापरत नाही.

(कॅमेरा हातात घेऊन, मेनू दाखवत)

आता कॅमेरा जवळ असेल तर मेनू उघडा. कॉपीराइटची जागा बहुतेक कॅमेऱ्यांत सेटअपमध्ये सापडते. तिथे नाव भरलं की ते प्रत्येक फाइलमध्ये आपोआप जातं. आणि दोन कॅमेरे वापरत असाल तर दोन्हींची घड्याळं आत्ताच सेकंदापर्यंत जुळवून घ्या, नाहीतर निवडीच्या वेळी वरमालेनंतरचे फोटो वरमालेच्या आधी दिसतील.